कॅसेटी संगणकावर घ्यायच्या : १६ बिट की २४? आणि डिजिटलमध्ये नक्की हरवतं काय?

शेवंतीचा_झेला

नाट्यसंगीत, कीर्तनं, घरगुती मैफली अशा साठेक कॅसेटी आणि लाखेच्या वीस-बावीस तबकड्या संगणकावर घ्यायच्या आहेत. प्रश्न तीन.

१. ४४.१ किलोहर्ट्झ/१६ बिट (सेकंदाला किती हजार नमुने/प्रत्येक नमुना किती बारीक) पुरे, की ९६/२४ घ्यावं?
२. 'मूळ लहर अखंड असते, डिजिटल म्हणजे तिचे तुकडे, दोन तुकड्यांमधलं गेलं ते गेलंच' हे सगळीकडे ऐकू येतं. खरं किती?
३. टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घातली तर भागेल का?

उत्तरं जाणकारांकडून हवीत. 'जुने दिवस आठवले' वाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

---

पांढरी_चार

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे : नाही.

लॅपटॉपचा माइक इनपुट काही मिलिव्होल्टसाठी असतो. डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) लाइन आउटमधून साधारण ०.३ व्होल्ट येतात, म्हणजे आवाज आत शिरतानाच चिरडणार. शिवाय ते भोक बहुतेक लॅपटॉपवर मोनो असतं आणि माइकला वीज पुरवायला त्यावर दोन-अडीच व्होल्ट सोडलेले असतात. लाइन इनपुट असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. डेकला मागे लाल-पांढरे आरसीए सॉकेट असतील तर तिथूनच घ्या. नसतील तर हेडफोनचं भोक चालेल, पण आवाजाचं बटण अर्ध्याच्या आसपास ठेवा, टोन आणि बास-बूस्ट सरळ करा. इंटरफेसवर माइक/लाइन असं बटण असेल तर ते लाइनवरच हवं. निम्म्या तक्रारी त्या बटणाच्या असतात.

---

जुनं_ते_सोनं

दुसऱ्या प्रश्नातलं मत माझंच समजा. सेकंदाला ४४,१०० ठिपके म्हणजे ४४,१०० पायऱ्या. लहर गोल असते, पायऱ्या चौकोनी. कान फसतो म्हणून चौकोन गोल होत नाही.

---

नमुनेदार

@जुनं_ते_सोनं, पायऱ्या संपादन करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसतात. डीएसीच्या (आकड्यांतून पुन्हा आवाज करणाऱ्या चिपच्या) बाहेर पडणाऱ्या तारेला ऑसिलोस्कोप लावा, १० किलोहर्ट्झची गुळगुळीत साइन लहर दिसेल. डीएसी नुसते ठिपके सोडत नाही. पुढे गाळणी असते, ती २० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं काढते. पायरीचा कोपरा म्हणजेच ते वरचं, तो गेला की उरते मूळ लहर.

'मधलं गेलं' यावर शाळेतलं उदाहरण देतो. कागदावर तीन बिंदू द्या (एका रेषेत नकोत) आणि सांगा की हे एका वर्तुळावरचे आहेत. त्यातून जाणारं वर्तुळ एकच निघतं. बाकीचा परीघ हरवला असं कुणी म्हणत नाही, कारण आकृती वर्तुळ आहे ही अट आधीच घातली होती. इथे अट अशी की आवाजात नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापेक्षा वरची कंप्रता नसावी. ४४.१ चं निम्मं २२.०५ किलोहर्ट्झ, माणसाचा कान तरुणपणी २० पर्यंत. अट पाळली तर त्या नमुन्यांतून जाणारी लहर एकच. नायक्विस्ट आणि शॅनन यांची नावं लागतात ते प्रमेय हेच, शॅननचा लेख १९४९ चा.

अट मोडली तर मात्र गडबड होते. २५ किलोहर्ट्झचा आवाज गाळणीशिवाय ४४.१ वर घेतला की तो १९.१ किलोहर्ट्झचा होऊन बसतो. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, अगदी तोच प्रकार. म्हणून एडीसीच्या (आवाजाचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधीही गाळणी असते.

---

खवचट_खोत

म्हणजे गाळणी आत, गाळणी बाहेर. चहाच की हो हा.

---

जुनं_ते_सोनं

वर्तुळाचं पटलं. पण बिटांचं काय? १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. या तरी खऱ्या आहेत ना? दोन पायऱ्यांमधला बारीक सूर कुठे जातो?

---

नमुनेदार

हा प्रश्न चांगला आहे. प्रत्येक नमुना जवळच्या पायरीवर ढकलला जातो, त्यात चूक होतेच. ती चूक आवाजाशी जोडलेली राहिली तर कर्कश विकृती म्हणून ऐकू येते, विशेषतः तान विरत जाते तिथे. म्हणून डिदर घालतात, म्हणजे ढकलण्याआधी अगदी थोडा यादृच्छिक गोंगाट मिसळतात. मग चुकीचा आवाजाशी संबंध तुटतो आणि उरते निव्वळ बारीक सूंऽऽ. त्या सूंच्या खाली गेलेला सूरही ऐकू येतो, डिदर नसेल तर येत नाही.

म्हणून बिट म्हणजे तळाचा गोंगाट किती खाली आहे त्याचं माप. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल. १६ बिट म्हणजे कागदावर ९८, २४ बिट म्हणजे कागदावर १४६, प्रत्यक्षात चांगली यंत्रं १२० च्या आसपास थांबतात.

आता कॅसेट. साधी फेरिक, म्हणजे टाइप १, डॉल्बीशिवाय (डॉल्बी म्हणजे टेपची सूं कमी करणारी सोय) : ५० ते ५५ डेसिबल. बिटांत मोजायचं तर नऊ. साठ कॅसेटींत १६ बिटांच्या भांड्यात न मावणारी एकही नाही.

---

शेवंतीचा_झेला

मग २४ बिट घ्याच असं सगळे का सांगतात?

---

पांढरी_चार

जागा सोडता यावी म्हणून. कीर्तनकार दहा मिनिटं हळू बोलतो आणि अचानक टाळ-मृदंग सुरू होतात. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर काहीच नाही, तिथे लहर सपाट कापली जाते आणि ती परत येत नाही. २४ बिट असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ वर ठेवला तरी काही बिघडत नाही, वर मोकळी जागा आणि खाली भरपूर. १६ वर तेच केलं तर ८६ डेसिबल उरतात. ते कॅसेटला पुरतातच, पण नंतर लेव्हल वाढवा, सूर सावरा, खरखर काढा असं करताना दरवेळी गोल करण्याची चूक साचत जाते. २४ मध्ये ती चिंता नाही.

दर : कॅसेटसाठी ४८ किलोहर्ट्झ भरपूर. ९६ वर घेतलं तर स्टिरिओला मिनिटाला ३४.५६ एमबी, सी-६० च्या, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या, दोन्ही बाजू मिळून दोन जीबीच्या वर. ४८/२४ ला बरोबर निम्मं. तबकड्यांना मात्र ९६ घ्या : टक्क-टक्क काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ओरखड्याची टोकदार कड जितकी स्वच्छ दिसेल तितकं ते गाण्याला कमी हात लावतं.

---

आडवा_तिडवा

अवांतर : ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? सरळ ४४,००० का नाही?

---

नमुनेदार

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. त्याआधी एवढा डिजिटल डेटा साठवायला स्वस्तात मिळणारी वस्तू म्हणजे व्हिडिओ टेप. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसवायचे. अमेरिका-जपानच्या पद्धतीत एका फील्डच्या (अर्ध्या चित्राच्या) वापरता येणाऱ्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड : ३ × २४५ × ६० = ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ३ × २९४ × ५० = तेही ४४,१००. दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो राहिला.

---

खवचट_खोत

म्हणजे जुळवलेलं लग्न. ३६ गुण.

---

काळी_एक

बिट आणि किलोहर्ट्झवर एवढं रण माजलंय आणि अजून कुणी हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) स्क्रू काढला नाही म्हणून लिहितोय. या कामात जे हरवतं त्यातलं बहुतेक एडीसीच्या आधी हरवतं. क्रमाने घेतो.

सफाई. हेड, कॅप्स्टन (फिरणारी पोलादी काडी) आणि त्याला टेकणारं रबरी चाक. हेड आणि कॅप्स्टनला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरण्याच्या कापसावर. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा थर बसतो. रबरी चाकाला शक्यतो साबणाचं किंचित पाणी लावून कोरडं पुसा, अल्कोहोलने रबर हळूहळू कडक होतं. कापूस तपकिरी यायचा थांबेपर्यंत पुसायचं. दर चार-पाच कॅसेटींनी पुन्हा.

हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १० किलोहर्ट्झची एक अख्खी लहर टेपवर ४.७६ मायक्रॉनमध्ये मावते. हेडमधली फट टेपला अगदी काटकोनात नसेल तर टेपवरच्या आवाजाच्या पट्ट्याच्या (ट्रॅकच्या) वरच्या कडेला लहरीचा चढ आणि खालच्या कडेला उतार एकाच वेळी वाचला जातो, दोन्ही एकमेकांना मारतात. मोनो कॅसेटचा पट्टा दीड मिलिमीटर रुंद. तिथे ०.१८ अंश कलला की १० किलोहर्ट्झ पूर्ण साफ. तुमच्या घरगुती मैफली ज्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड झाल्या त्याचा कोन तुमच्या डेकशी जुळेल ही आशा सोडा. 'जुनी टेप आहे, आवाज दबलाय' म्हणतात, त्यातल्या पुष्कळ टेपा दबलेल्या नसतात, कोन चुकलेला असतो.

जुळवायचं असं. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, त्यातला स्प्रिंगवाला कोनाचा. अनेक डेकना टेप चालू असताना तिथवर पोचेल असं बारीक भोक पुढून ठेवलेलं असतं. पेचकस चुंबकीय नको. मॉनिटरिंग मोनो करा, म्हणजे डावं-उजवं एकत्र : कोन चुकला असेल तर मोनोमध्ये तो चटकन कळतो. टाळ, झांज किंवा गायकाचा 'स' ऐकत स्क्रू एक-अष्टमांश फेरा इकडे, एक-अष्टमांश तिकडे. आवाज उघडतो ती जागा स्पष्ट कळते. जरा पुढे जा, परत मागे या, मधोमध थांबा. प्रत्येक कॅसेटला, कधी कधी प्रत्येक बाजूला पुन्हा. सुरुवातीची खूण मार्करने करून ठेवा, आणि सगळं संपल्यावर बाजारातली चांगली छापील कॅसेट लावून हेड मूळ जागी आणा.

डॉल्बी. कव्हरवर दुहेरी डीचं चिन्ह असेल तरच चालू. घरगुती रेकॉर्डिंगला बहुधा नसतंच. चुकून चालू राहिलं तर वरचे सूर झाकले जातात. आणि कोन जुळवायच्या आधी डॉल्बी लावून काही ठरवू नका : वरचे सूर कमी आले की डॉल्बी ते अजून दाबतं.

---

रेवा

वाखु (वाचनखूण) साठवली. एक भर : मोनो टेप स्टिरिओ डेकवर वाजवत असाल तर दोन्ही चॅनल वेगळे रेकॉर्ड करा, लगेच एकत्र करू नका. कोन पूर्ण जुळला नसेल तर दोन चॅनलमध्ये काही मायक्रोसेकंदांचा फरक उरतो. तो सॉफ्टवेअरमध्ये सरकवून मग मिसळला की सूं कमी होते आणि वरचे सूर टिकतात.

---

जुनं_ते_सोनं

@काळी_एक, स्क्रूचं मान्य. पण एलपी सीडीपेक्षा भरीव लागते ती का? तिथे तर कोन बरोबर असतो.

---

काळी_एक

बहुतेक वेळा एलपीचं आणि सीडीचं मास्टरिंगच (छापण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) वेगळं असतं. नव्वदीनंतर सीडीवर आवाज सतत वरच्या टोकाला दाबून ठेवायची स्पर्धा लागली. एलपीवर तेवढं जमत नाही, सुई खाचेतून उडेल. म्हणजे भरीवपणा माध्यमाचा कमी आणि संयमाचा जास्त. तुलना करायचीच तर दोन्हींची लेव्हल ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून, कोणतं वाजतंय ते न बघता करा. किंचित मोठं वाजणारं दरवेळी 'जास्त चांगलं' ठरतं.

आणि एलपीची बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाते, लेबलजवळची जेमतेम वीस सेंटिमीटर. शेवटचं गाणं पहिल्यापेक्षा मळकट लागतं ते त्यामुळे. अखंड लहरीलाही जागा पुरावी लागते.

---

खवचट_खोत

प्रकाटाआ.

---

आडवा_तिडवा

खोतांनी प्रतिसाद काढला म्हणजे धागा खरंच तांत्रिक झाला.

---

तंबोरा_जुळवा

गतीबद्दल कुणी बोललं नाही. डेक सहा टक्के जलद चालला की सूर बरोबर एक स्वर चढतो : काळी एक गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गेलेला ऐकू येतो. तीन टक्क्यांनी अर्धा स्वर, म्हणजे पेटीच्या कुठल्याच पट्टीत न बसणारा. रबरी बेल्ट सैल झाला की गती कमी आणि डुलती होते. ते तबल्यात कळत नाही. तंबोऱ्याचा खर्ज ऐका, लगेच कळतं.

उपाय : बेल्ट बदला, मग ३००० किंवा ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट लावून फोनवरच्या कंप्रता दाखवणाऱ्या ॲपने मोजा. मोटरच्या पाठीमागे बहुधा एक बारीक भोक असतं, आत गतीचा स्क्रू. अगदी थोडा फिरवा.

---

पांढरी_चार

+१. शिवाय जुनी टेप विजेवर रेकॉर्ड झाली असेल तर तिच्यात ५० हर्ट्झचा गुंजनाद असतोच. स्पेक्ट्रम बघा : तो ५१.५ वर दिसला तर टेप तीन टक्के जलद वाजतेय. चाचणी कॅसेटपेक्षा हे सोपं.

---

तंबोरा_जुळवा

@पांढरी_चार, युरोपात सोपं. आपल्याकडे पूर्वी ग्रिड ५० वर स्थिर नसायचं, संध्याकाळी भार वाढला की खाली यायचं. त्यामुळे त्या गुंजनादावर अर्धा-एक टक्क्याच्या पुढे विश्वास ठेवू नये. आणि सेलवर चालवलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये तो नसतोच. शिवाय तुमच्या आजच्या वायरिंगचा ५० वेगळा आणि टेपमधला वेगळा. आधी टेप थांबवून बघा कोणता उरतो.

---

पांढरी_चार

ग्रिडचं बरोबर, मान्य. ढोबळ चुकीला वापरा, बारकाव्याला नको. पेटीवरही सगळा भार टाकू नका मात्र, जुन्या पेट्या ४४० वरच असतील असं नाही.

आजच्या वायरिंगचा गुंजनाद येत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, डेक आणि इंटरफेस एकाच बोर्डावर लावा. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर त्याचा फोन कट करा.

---

रेवा

गती सॉफ्टवेअरमध्ये सुधारायची तर गती आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरा. नुसती पट्टी किंवा नुसता ताल बदलणारे पर्याय आवाज कापून-चिकटवून काम करतात, मींड ऐकवत नाही.

सूं काढण्याबद्दल एक महत्त्वाचं. 'आवाजाचा नमुना द्या, मग तो सगळीकडून काढतो' अशी सोय असते. नमुना घेताना फक्त कोरी टेप निवडा, गाणं सुरू व्हायच्या आधीची. तंबोरा सुरू झाल्यानंतरचा तुकडा निवडला तर सॉफ्टवेअर तंबोऱ्यालाच गोंगाट समजतं, कारण तोही न थांबता एकसारखा चालू असतो. मग गायक पोकळीत उभा असल्यासारखा ऐकू येतो आणि मागे पाण्याखालची बुडबुड. ६ डेसिबलच्या वर काढू नका. आणि न धुतलेली मूळ फाइल कधीही पुसू नका.

---

कोकणी_दमट

बुरशीचं कोण सांगणार? कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. हेडला लागून पुढच्या दहा कॅसेटींना लागण होते. सिलिका जेलबरोबर बंद डब्यात आठवडाभर सुकवा, मग मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, बेकार डेकवर एकदा पूर्ण पुढे-मागे करा, टेपला मऊ कोरडं कापड हलकं टेकवून.

दुसरी नेहमीची भानगड : मधल्या तांब्याच्या पट्टीवरची फेल्टची गादी गळून पडते. मग टेप हेडला टेकत नाही, आवाज येतो-जातो. टेप खराब झाली म्हणून फेकू नका. स्क्रूवाली कोरी कॅसेट उघडून रिळं तिच्यात बसवा. चिकटवलेल्या कवचाची कॅसेट असेल तर शिवणीवर पातळ पातं घालून उघडावी लागते.

---

आडवा_तिडवा

रीळ हाताने गुंडाळायला पेन्सिल षटकोनी घ्यावी. गोल पेन्सिल आत नुसती फिरते. माझं तांत्रिक योगदान संपलं.

---

शेवंतीचा_झेला

तबकड्या राहिल्या. घरातल्या टर्नटेबलला मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे एवढंच आहे, ७८ नाही.

---

काळी_एक

४५ वर चालतं. वाजवून घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये गती १.७३३ पट करा. पण तीन गोष्टी.

सुई : एलपीची सुई टोकाला सुमारे १८ मायक्रॉन, ७८ च्या खाचेला ७६ लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घसटत जाते आणि नुसती खरखर उचलते. ७८ ची सुई वेगळी मिळते, बहुतेक कार्ट्रिजला नुसतं टोक बदलता येतं.

वक्र : फोनो प्रीॲम्प्लिफायर (सुईचा बारीक आवाज मोठा करणारा डबा) आरआयएए नावाचा ठरलेला वक्र लावतो, खर्ज वर आणि तार खाली, टोकाटोकाचा फरक ४० डेसिबल. तो ठरला १९५४ मध्ये, एलपीसाठी. तुमच्या तबकड्या त्याआधीच्या असणार. शिवाय ४५ वर वाजवून गती वाढवली की वक्राचा ५०० हर्ट्झवरचा सांधा ८६७ वर सरकतो. म्हणून जमलं तर सपाट प्रीॲम्प घ्या आणि वक्र शेवटी, गती सुधारल्यावर सॉफ्टवेअरमध्ये लावा. आणि डावं-उजवं बेरीज करून मोनो करा : गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतली खरखर बेरजेत मरते.

सफाई : स्पिरिट, अल्कोहोल अजिबात नाही. सुतार पॉलिशची लाख स्पिरिटातच विरघळवतात, तुमची तबकडी त्याच लाखेची आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उभी वाळवा. उन्हात नको, वाकते.

---

जुनं_ते_सोनं

लाखेचं माहीत नव्हतं. स्पिरिटची बाटली परत ठेवली.

---

शेवंतीचा_झेला

ठरलं : कॅसेट ४८/२४, तबकडी ९६/२४, मोठ्यात मोठा आवाज उणे १२. फाइल कशात ठेवू? आणि नातेवाइकांना एमपी३ पाठवायची का?

---

नमुनेदार

मूळ प्रत फ्लॅक या फाइल प्रकारात. आकार साधारण निम्मा, एकही बिट न गमावता, आणि नमुन्यांचा एमडी५ ठसा फाइलमध्येच असतो, त्यामुळे पाच वर्षांनी फाइल सडली का ते तपासता येतं. दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. नातेवाइकांना ३२० ची एमपी३, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. फाइलच्या नावात तारीख, बाजू आणि डेकची गती सुधारली की नाही ते लिहा.

सुरुवात सी-१२० पासून करा. त्यांची टेप ९ मायक्रॉनची, सी-६० च्या निम्मी. ताणली जाते, चाकात गुंडाळली जाते.

---

शेवंतीचा_झेला

साठात चार निघाल्या. रिवाइंड करून लावू का?

---

काळी_एक

एकदा पुढे, एकदा मागे. पातळ टेपवर शेजारच्या वेढ्याचा आवाज छापला जातो, गाण्याआधी गाण्याचं भूत ऐकू येतं, ते फिरवल्यावर थोडं उतरतं. पण तुमच्या डेकच्या वेगवान रिवाइंडवर नको, शेवटी झटका बसतो तिथेच तुटतात. षटकोनी पेन्सिल घ्या.

---

आडवा_तिडवा

बघा, आलात ना माझ्याकडे.